वाघ लिहिलंय

फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. माझे दोन्ही हात पांढऱ्या शाईने भरलेले होते, म्हणून करंगळीने फोन स्पीकरवर टाकला. आधी नुसता गलका ऐकू आला. मग ओळखीचा आवाज आला, पण इतका बारीक की मला दोनदा विचारावं लागलं, कोण?

"अक्का, त्या कपडावर काय लिखेल शे, ते साहेबले सांग. तू सांग. ह्या मारी राह्यनात."

मी काही बोलायच्या आत फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. "हवालदार बोलतोय. या नऊ जणांना शर्ट तुम्ही दिले का? मग ताबडतोब ठाण्यात या." त्याने गावाचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

ते गाव कुठलं, हे मी लिहिणार नाही. एरंडोलच्या अलीकडचं म्हणा, पलीकडचं म्हणा. गावाचा दोष नव्हता. त्या शर्टांवर काय छापलेलं आहे हे मला पक्कं माहीत होतं. आणि फोनवरच्या त्या म्हाताऱ्याला मी काय सांगितलं होतं, तेही. दोन्ही एकदम आठवलं.

जळगावात पिंप्राळ्याला आमचं टी-शर्ट छापायचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, दोन टेबलं, लाकडी चौकटीवर ताणून बसवलेल्या जाळ्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या रांगा. जाळीत अक्षर कोरलेलं असतं. वर शाई ओतायची, रबराच्या पट्टीने ओढायची, अक्षर खालच्या कपड्यावर उतरतं. मंडळांचे, मॅरेथॉनचे, शाळांचे, वाढदिवसांचे, आम्ही सगळ्यांचे शर्ट छापतो. आमचे हे गिऱ्हाइकं बघतात, छापते मी. तेवीस वर्षं छापतेय. बायकांना हे काम जमत नाही असं पहिल्या वर्षी ज्याने सांगितलं होतं, तो आता दुसरीकडे नोकरी करतो.

आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याच्याशी काम आहे. धुळ्याला देवपुरात आत्याकडे राहून मी तीन वर्षं कॉलेज केलं. त्यामुळे गिऱ्हाइकाने मोबाइलवर दाखवलेलं इंग्रजी मी डोळे झाकून छापत नाही. चुकीचं असलं तर तोंडावर सांगते. 'हॅपी बर्थडे'मधला एक 'पी' मी किती जणांना परत मिळवून दिलाय, त्याला गणती नाही.

डिसेंबरात चार पोरं आली. चांगल्या घरातली, महागड्या गाड्यांवर. त्यांचा गाड्या फिरवायचा ग्रुप होता. चाळीस काळे शर्ट हवे होते, छातीवर फक्त चार अक्षरं, पांढरी, मोठी, मागे करड्या सावलीसकट. टी, एच, यू, जी. ठग.

"अर्थ माहीत आहे का रे?" मी विचारलं.

"काकू, म्हणजे एकदम डेंजर माणूस. कुणाला न घाबरणारा." दुसरा म्हणाला, "ॲटिट्यूड, काकू." आणि त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक आजोबा नातवाला काहीतरी तिखट उत्तर देतात, मग त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा येऊन बसतो आणि खाली तो शब्द उमटतो. पोरं पोट धरून हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

पोरांना कौतुक त्या शब्दाच्या इंग्रजी असण्याचं होतं. मला कौतुक याचं की तो मुळात इंग्रजी नाहीच. देवपूरच्या आमच्या सरांनी एक अख्खा तास या एका शब्दावर घेतला होता. ठग हा आपल्याकडचा शब्द. मूळ संस्कृतातलं, झाकणं, लपवणं या अर्थाचं. आपण तो गोड बोलून फसवणाऱ्याला लावायचो, अजूनही लावतो. मग कंपनी सरकारचे साहेब आले. वाटसरूंना विश्वासात घेऊन लुटणाऱ्या टोळ्यांच्या गोष्टी त्यांनी जाडजूड पुस्तकांत लिहिल्या आणि त्या पुस्तकांतून हा शब्द बोटीत बसून तिकडे गेला. तिकडे फसवणूक गळून पडली, मारझोड राहिली. गल्लीतला गुंड, म्हणजे ठग. सर सांगायचे, त्या सगळ्यातली वाईट गोष्ट शब्द गेला ही नव्हती. त्याबरोबर एक समजूत रुजली की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात, त्यांची अख्खी जमातच तशी असते. मग कायदे आले. वस्त्यांच्या वस्त्या पोलिसांच्या हजेरीपटावर चढल्या. डोंगरातला माणूस बाजारात दिसला की आधी त्याला विचारायचं, तू इथे कशाला?

पुढे तो शब्द अमेरिकेत पोचला आणि तिथल्या काळ्या पोरांच्या कपाळी बसला. तीही रस्त्यावर दिसली की आधी ठगच. त्या पोरांनी मग चिडून तो शब्द स्वतःच उचलला, गाण्यांत घातला, छातीवर मिरवला. तुम्ही म्हणता ना, मग आहोतच आम्ही, अशा रागाने. तो राग वाटेत कुठेतरी सांडला. आमच्या पिंप्राळ्यात पोचेपर्यंत उरला तो काळा चष्मा आणि ॲटिट्यूड. सरांच्या तासात हे शेवटचं प्रकरण नव्हतं, ते मी नंतर माझं मी वाचलं. हे सगळं मला माहीत होतं. एवढं माहीत असून मी काय केलं, ते आता सांगते.

छपाईत चौकटीची बिजागरी ढिली झाली आणि अकरा शर्टांवर पांढरं अक्षर सावलीवरून सरकलं. लांबून बघितलं तर अक्षर हललंय असं वाटायचं. गिऱ्हाईक असा माल घेत नाही. मी अकरा नवे छापून चाळीस पुरे केले आणि बिघडलेले बाजूला टाकले.

तेव्हा शेडमागच्या मोकळ्या प्लॉटवर एक कुटुंब उतरलेलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याचं, चोपड्याच्या वरचं. कॉलनीतल्या दोन घरांचं पायाचं काम त्यांनी घेतलं होतं. नऊ पुरुष, तीन-चार बायका. साठीचा एक आबा त्यांचा मुख्य, बाकीचे त्याचे मुलगे, जावई, भाचे. पाणी माझ्या नळावरून न्यायचे. त्या बदल्यात, मी न सांगता, माझ्या शेडवर लक्ष ठेवायचे. मी मागे गेले की आबा चुलीजवळचं गोणपाट झटकून अंथरायचा. "बस ना अक्का." बसल्याशिवाय पुढचं बोलणंच नाही.

जाताना आबा निरोप घ्यायला आला. इथलं काम संपलं होतं, आता हरभरा काढायला दुसऱ्या तालुक्यात निघाले होते, तिथून होळीआधी घरी. मी तो बिघडलेला गठ्ठा त्याच्या हातात दिला. कापड उत्तम होतं. आबाने एक शर्ट उलगडला, दुसरा उलगडला, आणि त्याचा चेहरा असा खुलला की मला आश्चर्य वाटलं.

"बठ्ठा एकसारखा शेतस?"

"हो, सगळे एकसारखे," मी म्हटलं. मग त्याने समजावून सांगितलं. होळीआधी त्यांच्याकडे भोंगऱ्याचा बाजार भरतो. ढोल असतात, फुंकून वाजवायच्या पावऱ्या असतात, सगळा डोंगर खाली उतरतो. त्या बाजारात एका घरचे सगळे एका रंगाचं, एकसारखं कापड घालून येतात. गर्दीत लांबून कळावं, हे अमक्याचं घर. यंदा त्याच्याकडे नऊ जणांना एकसारखं कापड घ्यायची सोय नव्हती. आता झाली.

नऊ त्याने घेतले, दोन परत दिले. मग बोटाने अक्षरं दाखवत त्याने विचारलं, "अक्का, हाई काय लिखेल शे?"

खरं सांगायला दहा सेकंद लागली असती. पण खरं सांगितलं असतं तर त्याने गठ्ठा परत दिला असता, आणि मला दानाचं पुण्य पदरात पडल्याचा आनंद झालेला होता. शिवाय मला हसूही येत होतं. आमच्या ह्यांनी भुवया उंचावल्या तर मी हळूच म्हटलं होतं, "असू दे हो, तिथं वाचणार कोण?" माझ्या जिभेला हाड नाही, हे माहेरी-सासरी दोन्हीकडे मान्य आहे.

"वाघ," मी म्हटलं. "वाघ लिहिलंय, आबा."

आबाने शर्ट दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. वाघदेव त्यांचा देव आहे. शिवारात त्याचा लाकडी खांब असतो, त्याला पुजल्याशिवाय पेरणी होत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकते. पण माणूस एखादी वस्तू कपाळाला लावतो तेव्हा ती त्याच्यासाठी काय आहे, हे कळायला वेगळी माहिती लागत नाही. मी बघितलं, आणि गप्प बसले.

म्हणून फोन आल्यावर मी चौकटींच्या ढिगातून ती चार अक्षरांची जाळी ओढून काढली. उरलेल्या दोन शर्टांपैकी एक शाई पुसायच्या फडक्यात होता, तोही घेतला. आमच्या ह्यांनी स्कूटर काढली. हायवेला लागलो. मग ह्यांनी मान न वळवता सांगितलं, "हे बघ, आपण एवढंच सांगायचं. गिऱ्हाइकाने दिलं ते छापलं. अर्थ आम्हाला माहीत नाही. बिघडलेला माल गरिबांना वाटला. बस्स."

"आणि वाघ?"

"वाघाचं नाव काढू नकोस."

 मनातून मलाही तेच हवं होतं. जाळीची चौकट मांडीवर आडवी धरून बसले होते, वारा तिच्यातून आरपार जात होता. मनात एकच हिशोब चालला होता, कमीत कमी किती बोलून भागेल.

ठाण्याबाहेर चाळीस-पन्नास माणसं जमली होती. काय झालं ते त्यांच्याकडूनच कळलं. आठवडे बाजारात एका बाईच्या गळ्यातली सोन्याची पोत कुणीतरी मागून ओढून नेली होती. आरडाओरडा झाला. कपड्यांच्या पालांजवळ हे नऊ जण एका रांगेत उभे होते, भोंगऱ्यासाठी बायकांना रुमाल बघत. नऊ काळे शर्ट, एकसारखे, सणाआधीच हौसेने घातलेले. गर्दीतल्या कुणीतरी छातीवरचं मोठ्याने वाचलं आणि मग कुणाला काही विचारायचं राहिलंच नाही. एक जण मला कौतुकाने सांगत होता, "ताई, टोळीचा युनिफॉर्म करून आलेत साले. छातीवर लिहून! हिंमत बघा."

आत भिंतीशी नऊ जण उकिडवे बसले होते. सगळ्यात धाकट्या जावयाचा ओठ फुटला होता, रक्त हनुवटीवर वाळलं होतं. एकाचा डोळा सुजलेला. मी आत पाऊल टाकलं तशी आबाची मान वर झाली.

"अक्का उनी," तो म्हणाला. बाकीच्या आठांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सुटका होती. अक्का आली, आता अक्का सांगेल, मग साहेबांना कळेल.

मी त्यांच्याकडे न बघता टेबलापाशी गेले.

फौजदार तरुण होता. बायकांवर ओरडणारा नव्हता, पण वैतागलेला होता. बाकावर ती पोत गेलेली बाई बसली होती, पदर गळ्याशी घट्ट धरून. टेबलाशी एक जण फिर्याद लिहून घ्यायला कागद लावून तयार होता.

"बसा मॅडम. हे काय आणलंय?"

मी जाळी उजेडाकडे धरली. चार अक्षरं आरपार दिसली. शर्ट मी छापले, कुणासाठी छापले, बिघडलेले यांना दिले, सगळं सांगितलं. माझ्याकडचा शर्ट टेबलावर पसरला, सरकलेलं अक्षर दाखवलं, मग धाकट्या जावयाच्या छातीवरचं तेच सरकलेलं अक्षर दाखवलं. चाळीस चांगले जळगावात फिरतायत, हेही सांगितलं.

"त्या चाळिसांपैकी कुणाला कुणी अडवलं का आजवर?" मी विचारलं. रागाच्या भरात गेलं तोंडून.

फौजदाराने टेबलावरचा शर्ट बाजूला सारला. "मॅडम, पाच किंवा जास्त माणसं एकत्र आली की आमचं कलम बदलतं. मग तो दरोडा होतो. म्हणून मी कागद थांबवून ठेवलाय. या शब्दाचा अर्थ मला मोबाइलवर बघता येतो, तो मी बघितला. शर्ट तुम्ही दिले, तेही मानतो. माझी अडचण वेगळी आहे. मी या म्हाताऱ्याला सरळ विचारलं, छातीवर काय लिहिलंय. तर म्हणतो, वाघ. त्याच्या पोराला विचारलं, तोही वाघ. नवाच्या नवांनी एकच सांगितलं. नऊ माणसं ठरवून एकच खोटं बोलतात, त्याला मी काय समजू?"

 हवालदार भिंतीपाशी उभा होता, तो म्हणाला, "वर परत हसत सांगत होता साहेब, वाघ म्हणून. म्हणून दिली एक." त्याने धाकट्या जावयाकडे बोट केलं.

म्हणजे तो ओठ मी फोडला होता.

"तुम्हाला या शब्दाचा अर्थ माहीत होता?" फौजदाराने विचारलं.

आमच्या ह्यांचा गुडघा टेबलाखाली माझ्या गुडघ्याला लागला.

"नाही," मी म्हटलं. "गिऱ्हाइकाने दिलं ते छापलं."

लाज वाटते लिहायला, पण म्हटलं. देवपूरचा तो तास, सरांचा खडूने माखलेला हात, बोटीतून गेलेला शब्द, सगळं गिळून मी म्हटलं, नाही. फौजदाराने मान हलवली. लिहिणाऱ्याने लिहिलं. मी सुटले होते. एवढ्यावर उठून घरी जाता आलं असतं.

हवालदार आबाकडे वळला. "ऐकलंस? बाईंनाच माहीत नाही काय लिहिलंय. मग वाघ कुठून काढला रे तू? ऊठ."

आबा उठला. त्याने माझ्याकडे बघितलं. तो चिडला असता, ओरडला असता, हिनेच सांगितलं म्हणून माझ्याकडे बोट केलं असतं, तर कदाचित मी तशीच बसून राहिले असते, इतकी मी भ्याले होते. त्याने तसं काही केलं नाही. अक्का विसरली असेल, आठवेल तिला, असा तो थांबला. हवालदाराचा हात वर गेला तरी तो माझ्याचकडे बघत होता.

"मी सांगितलं!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरचा गलका थांबला. "हात खाली घ्या. वाघ मी सांगितलं त्यांना. मी खोटं बोलले."

"कुणाशी? त्यांच्याशी की माझ्याशी?"

"दोघांशी."

मग मी सगळं सांगितलं. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेय, अर्थ माहीत होता, शब्द कुठून निघाला आणि कुठून कुठे गेला तेही माहीत होतं. लिहिणारा मध्येच थांबून ऐकायला लागला. मी सांगितलं, साहेब, हा शब्द आपल्याच वाटांवरून उचलून नेला आणि मग अख्ख्या वस्त्यांवर चिकटवला. आज बाजारात पुन्हा तेच झालं, फक्त या वेळी चिकटवणारी मी. त्यांना वाचता येत नाही म्हणून त्यांनी मला विचारलं. मला वाचता येत होतं म्हणून मी त्यांची गंमत केली.

"का?" फौजदाराने विचारलं.

 "गंमत म्हणून," मी परत म्हटलं, आणि त्या खोलीत तो शब्द इतका घाण ऐकू आला की बाकावरच्या त्या बाईने माझ्यावरून नजर काढून घेतली.

ती बाईच मग बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "साहेब, मी मागून ओढल्याचा हिसका तेवढा जाणला. माणूस बघितलाच नाही. लोक म्हणाले हेच, म्हणून मी हो म्हटलं." ती थांबली. "यांची झडती घेतली ना? पोत निघाली नाही ना? मग माझ्या नावावर हे पाप नको."

जबाब मी माझ्या हाताने लिहिला. आमचे हे शेजारी बसून होते, गुडघा त्यांनी केव्हाच काढून घेतला होता. नवांची नावं, गावं, अंगठे घेतले. फिर्याद अनोळखी माणसाविरुद्ध लिहिली गेली. ऊन उतरलं तेव्हा त्यांना सोडलं. पोत कुणी नेली ते मला आजवर कळलेलं नाही.

बाहेर लिंबाखाली आबा थांबला होता. गर्दी पांगली होती, ज्याने युनिफॉर्मचं कौतुक केलं तोही निघून गेला होता. बोलणं सगळं आबाच्या समोर झालं होतं, पण आमचं भराभर मराठी त्याला किती उमगलं कुणास ठाऊक. किंवा सगळं उमगलं असेल आणि त्याला ते माझ्या तोंडून, त्याला उद्देशून ऐकायचं असेल.

"अक्का, आते खरं सांग. काय लिखेल शे?"

"लुटारू," मी म्हटलं. "वाटमाऱ्या."

त्याने छातीवरच्या अक्षरांकडे बघितलं. मग त्याने शर्ट अंगातून काढला. त्याचं बघून बाकीच्यांनी काढले. धाकट्या जावयाने ओठाला लागू नये म्हणून गळा ताणून काढला. प्रत्येकाने घडी घातली, आबाने नऊच्या नऊ घड्या एकावर एक ठेवल्या आणि माझ्या हातांवर दिल्या.

"वाघ म्हनीसनी कपायले लायं व्हतं, अक्का," तो म्हणाला. रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांना एसटीत बसवलं. उघड्या अंगाने, काहींनी खांद्यावर रुमाल टाकून, बाजाराच्या त्या गावातून ते स्टँडपर्यंत चालत गेले, आणि मी मागून शर्टांचा गठ्ठा घेऊन चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिवळे शर्ट काढले, बाजारात नुसता उजेड दिसावा असे पिवळे. जाळी नवी ताणली. अक्षर मोबाइलवरून घेतलं नाही, हाताने काढलं, मराठीत, दोनच अक्षरं. बिजागरी तीनदा तपासली. आमच्या ह्यांनी न बोलता शर्ट टेबलावर लावून दिले आणि न बोलता वाळत घातले. नऊ शर्ट, एकाही अक्षराला धक्का नाही. तेवीस वर्षांत मी इतकं स्वच्छ छापलं नव्हतं.

भोंगऱ्याच्या आदल्या दिवशी मी चोपड्याची गाडी धरली. तिथून जीप, आणि जीप थांबते तिथून चालत. ढोलांना ताव देणं चाललं होतं. आबाच्या अंगणात सगळे होते. ओठाची जखम सुकली होती. मला बघून कुणी दार लावलं नाही, कुणी काही टाकूनही बोललं नाही. मी गठ्ठा सोडला आणि वरचा शर्ट उलगडून दोन्ही हातांनी पुढे धरला.

"आबा, या वेळी खरंच वाघ लिहिलंय."

आबाने शर्ट घेतला नाही. त्याने घराकडे तोंड करून हाक मारली. आतून मधली सून आली, हात पिठाचे. पिंप्राळ्याच्या कामाला ती आलेली नव्हती, बाळंतपणामुळे घरीच होती. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, हे मला त्या दिवशी कळलं. तिथं वाचणार होतं कुणीतरी, पहिल्यापासून होतं.

आबाने माझ्या हातातल्या शर्टाकडे बोट केलं. "वाच."

तिने पदराला हात पुसले, जवळ आली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. "वाघ," ती म्हणाली.

मला वाटलं, झालं. मी शर्ट आबाकडे केला. त्याने हात पुढे केला नाही. त्याने जमिनीवरच्या गठ्ठ्याकडे बघितलं.

"बठ्ठा वाच," तो तिला म्हणाला.

तिने दुसरा उचलला, उलगडला, वाचला. तिसरा उलगडला. ती घाई न करता प्रत्येक शर्ट उजेडात धरून, दोन्ही अक्षरं बघून वाचत होती. नवांपैकी प्रत्येक जण आपला शर्ट वाचला गेल्यावर येऊन घेऊन जात होता. आबाने सगळ्यात शेवटचा घेतला. कपाळाला लावला की नाही ते मला दिसलं नाही, त्याची पाठ होती माझ्याकडे.

मी सगळा वेळ उभीच होते. गोणपाट चुलीजवळच पडलेलं होतं, पण मला कुणी बस म्हटलं नाही.